आंब्याची पन्नाशी पुढे ढकलण्याबाबत

झाडांना वय असते हे जोवर कायद्याच्या लक्षात आले नव्हते, तोवर झाडांचे आणि माणसांचे बरे चालले होते. झाड असे, नाहीतर नसे. त्याने पन्नाशी गाठली म्हणून कोणी वळून पाहत नसे. आता मात्र पन्नास वर्षे पूर्ण केलेले झाड वारसा वृक्ष ठरते, आणि त्याला हात लावायचा तर परवानगीची फाईल इतक्या टेबलांवरून फिरते की तोवर झाड शंभरीला येते. (माणसाने पन्नाशी गाठली तर त्याला फक्त साखर तपासून घ्यायला सांगतात. यावरून व्यवस्थेला कोणाची किंमत जास्त आहे ते उघड आहे, आणि ते योग्यच आहे.)

डोंबिवली पूर्वेच्या हरितछाया सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात एक रायवळ आंबा होता आणि तो एकोणपन्नास वर्षांचा होता. पालिकेच्या वृक्षगणनेचे लोक आले, त्यांनी खोडाभोवती टेप धरला, कोष्टकात पाहिले, वय एकोणपन्नास असे लावले, खोडावर पत्र्याचा बिल्ला ठोकला आणि चहा घेऊन गेले. त्याच सुमारास संस्थेने इमारतीच्या पुनर्विकासाचा ठराव एकमताने मंजूर केला. नव्या इमारतीच्या नकाशात जिथे लिफ्ट होती, बरोबर तिथे आंबा उभा होता.

संस्थेतला प्रत्येक सभासद वृक्षप्रेमी होता हे इथे नमूद केले पाहिजे. झाड तोडावे असे कोणालाच वाटत नव्हते. ते तिथे नसावे, एवढेच सर्वांना वाटत होते.

या सर्वांमध्ये जास्त वृक्षप्रेमी होते ते चौथ्या मजल्यावरचे त्र्यंबकराव. ठाण्याच्या एका कॉलेजात त्यांनी हयातभर वनस्पतिशास्त्र शिकवले. तरुणपणी त्यांनी बुटक्या वाटाण्यावर पीएच.डी. केली होती. वाटाण्याचा वेल बुटका का राहतो? तर त्याच्या एका जनुकात खोट असते, त्या खोटीमुळे जिबरेलिन नावाचे संजीवक पुरेसे तयार होत नाही, आणि संजीवक नाही म्हणून वेल उंच होत नाही. एवढे लिहायला त्यांची ऐन उमेदीची वर्षे गेली. त्यानंतर आयुष्यात त्यांना या विषयावर कोणी एकही प्रश्न विचारला नाही. विद्यार्थी फक्त "सर, हे परीक्षेला येणार का?" असे विचारत. सर खरे बोलणारे होते, ते "नाही" म्हणत, आणि विषय संपे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मंदाकिनीबाईंनी "तुमच्या वाटाण्याचं काय ते सांगा की" असा आग्रह केला होता, पण जनुकापर्यंत पोचायच्या आत त्यांना झोप लागली. (प्रबंध तपासणारे परीक्षकही साधारण तिथवरच पोचले असावेत, असा त्र्यंबकरावांना संशय होता.) माणसाने जीव तोडून काही शिकावे आणि ते कोणालाच नको असावे, हे दुखणे वाईट. ते गुडघ्यांसारखे डॉक्टरला दाखवताही येत नाही.

गुडघे मंदाकिनीबाईंचे होते. इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नाही. मागच्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी त्या कशाबशा खाली उतरल्या, पण परत चढवेना. शेवटी मांडववाल्याच्या माणसांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले आणि खुर्ची उचलून वर आणली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर बिऱ्हाडे दारात येऊन हात जोडत होती. (काहींनी व्हिडिओ काढला.)

"मला असं उचलून आता एकदाच न्यायचं," वर पोचल्यावर मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आणि तेव्हा मला काही कळणार नाही, ते बरं."

तेव्हापासून त्या खाली गेल्या नव्हत्या. त्यांची इच्छा काही काशीला जायची नव्हती. भाजीवालीसमोर उभे राहून भेंडीचे टोक आपल्या हाताने मोडून पाहावे, एवढीच होती. त्र्यंबकराव आणत ती भेंडी मोडत नसे, वाकत असे. भेंडीसाठी खाली जायला हवे, खाली जायला लिफ्ट हवी, लिफ्टसाठी पुनर्विकास हवा, आणि पुनर्विकासासाठी आंबा जायला हवा, अशी ही सरळ साखळी होती.

पुनर्विकासाची सभा सेक्रेटरी सलिलच्या घरी, तळमजल्यावर भरली. सलिल चाळिशीचा, आयटीतला, दंड कमावलेला मनुष्य. बिल्डरच्या वतीने हर्षित आला होता. त्याने प्रत्येकाच्या हातात लिफ्टचे गुळगुळीत माहितीपत्रक दिले. त्यात एक कुटुंब लिफ्टमध्ये उभे राहून अशा आनंदाने हसत होते की ते कुठल्याच मजल्यावर उतरू इच्छित नव्हते हे स्पष्ट दिसे.

"फाईल पोचायला दोन-तीन वर्षं पकडून चला," हर्षित म्हणाला. "तोपर्यंत झाड फिफ्टी क्रॉस करेल. मग हेरिटेज. मग तुम्ही तुमच्या घरी, आम्ही आमच्या. झाडाला बोला ना कोणीतरी, बाबा रे, थोडं थांब."

हा विनोद होता. परंतु सहकारी संस्थेच्या सभेत उच्चारलेली गोष्ट विनोद राहत नाही, ती सूचना होते. सूचनेला तिथल्या तिथे अनुमोदन मिळाले, आणि झाडाला थांबायला सांगणार कोण, म्हणून सगळ्यांच्या माना त्र्यंबकरावांकडे वळल्या.

त्र्यंबकराव उभे राहिले. 

"झाड आपण समजतो तसं आपोआप वाढत नाही," ते म्हणाले. "त्याच्या पेशीपेशीत वाढीला हरकत घेणारं एक प्रथिन बसलेलं असतं. जिबरेलिन येतं, त्या हरकतवाल्याला बाजूला करतं, आणि मग वाढीचे जनुक कामाला लागतात."

विज्ञान शाखेच्या पिढ्यान् पिढ्यांना जे उमगले नव्हते ते सहकार क्षेत्राला तिथल्या तिथे उमगले.

"म्हणजे हरकत घेणाऱ्याला चहाला बाहेर न्यायचं आणि तेवढ्यात ठराव पास करून टाकायचा," खजिनदार शीलाताई म्हणाल्या.

"तंतोतंत."

"आणि काका, ते जिबरेलिन बनूच दिलं नाही तर?" सलिलने विचारले.

हा पहिला प्रश्न होता. त्याची वाट पाहण्यात त्र्यंबकरावांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तर हरकतवाला जागचा हलणार नाही," ते म्हणाले. "आणि झाड थांबेल."

टाळ्या पडल्या. झाड थांबले की घेर थांबणार, घेर थांबला की वय थांबणार, कारण पालिका वय घेरावरूनच लावते. फाईल कितीही सावकाश येवो, आंबा एकोणपन्नासवर उभा राहून तिची वाट पाहील. या युक्तिवादात कोणालाही खोट दिसली नाही. (सभेला हजर असलेल्यांपैकी साठ टक्के पदवीधर, बावीस टक्के द्विपदवीधर आणि उरलेले बँकेत होते.)

औषधाचा प्रश्न अवघड नव्हता. ज्याचे कोकणात कोणीच नाही असा माणूस डोंबिवलीत सापडला तर त्याचा सत्कार करावा लागेल. शीलाताईंच्या दिरांची राजापूरकडे हापूसची कलमे होती आणि ते दर पावसाळ्यात कलमांच्या बुंध्याशी एक वाढरोधक ओतत. ते नेमके जिबरेलिन बनू न देणारे औषध. झाडाची वाढ थांबते आणि सगळा जोर मोहोराला लागतो, म्हणून आम्ही ओततो, असे त्यांनी फोनवर सांगितले. संस्थेच्या टिपणात ही माहिती शास्त्रीय शिस्तीत मांडण्यात आली. परिणाम : वाढ थांबणे. दुष्परिणाम : आंबे.

लगोलग वृक्ष वयोमर्यादा उपसमिती स्थापन झाली. अध्यक्ष अर्थातच त्र्यंबकराव. उपसमितीने काही निर्बंध लागू केले. झाडाला पाणी घालू नये. झाडाखाली गाडी धुऊ नये, कारण पाणी मुळांपर्यंत झिरपते. कोणत्याही व्रतासाठी झाडाला फेऱ्या घालू नयेत. झाडाखाली कोणाचाही वाढदिवस साजरा करू नये, पन्नासावा तर मुळीच नाही. शेवटच्या नियमाला शास्त्राचा आधार नव्हता, पण खबरदारी म्हणून तो बिनविरोध मंजूर झाला.

एका रविवारी बुंध्याभोवती गोल चर खणून औषध ओतण्यात आले. आधी नारळ फोडला. (नारळाचे पाणी झाडाला मिळू नये म्हणून ते सलिल प्यायला.) मंदाकिनीबाई वरून खिडकीतून पाहत होत्या. आंब्याच्या फांद्या त्यांच्या गजांना टेकत. दुपारी घर रिकामे असे तेव्हा त्या फांद्यांवरच्या साळुंक्यांशी त्यांचे बोलणे होई. ते झाड जावे असे त्यांना मनापासून वाटत नव्हते, आणि आपल्याला खाली जाता यावे असे मात्र मनापासून वाटत होते. दोन्ही एकदम होणार नाही हे त्यांना ठाऊक होते.

"केसांना कलप लावणं म्हणजे खोटेपणा, असं तुम्ही म्हणायचात," त्र्यंबकराव वर आल्यावर एवढेच त्या म्हणाल्या.

"अगं, हे शास्त्र आहे."

"कलपाच्या पाकिटावरही तसंच लिहिलेलं असतं."

यानंतर मोजणीचा प्रश्न आला. घेर छातीच्या उंचीवर मोजावा असा जगभरचा संकेत आहे. त्र्यंबकरावांनी त्याचा ठरलेला आकडा सांगितला, पण हा आकडा परदेशी छातीचा आहे अशी हरकत आली. मग कोणाची छाती प्रमाण मानावी? खोड वर निमुळते होत जाते, म्हणजे माणूस जितका उंच तितके झाड तरुण, हे शीलाताईंनी दाखवून दिले. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या दिपेशला बोलावण्यात आले. दिपेश सहा फुटांच्याही वर होता, पण भाडेकरू होता. भाडेकरूला संस्थेत मताचा अधिकार नसतो. छाती मात्र त्याची स्वीकारता येईल, असा निर्णय अध्यक्षांनी दिला.

"संडेला सकाळी घ्या काका, मग मी क्रिकेटला जातो," दिपेश म्हणाला आणि झाडाला पाठ लावून उभा राहिला.

महिने गेले. दर महिन्याला दिपेशची छाती, शीलाताईंचा शिवणाचा टेप आणि त्र्यंबकरावांचा चष्मा एकत्र येत, आणि दर महिन्याला घेर तोच भरे. आंबा थांबला होता! आजूबाजूला सगळे पुढे सरकत होते. विजेचे दर वाढले, सलिलचे दंड वाढले, शेजारची इमारत सात मजले वर गेली. आंबा तेवढा एकोणपन्नासवर ठाम होता. त्र्यंबकराव सकाळी खाली उतरताना त्याच्या बुंध्यावर हात फिरवत, जसा शिक्षक नापास केलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवतो.

अशी गोष्ट लपत नाही. माजिवड्याच्या एका टॉवरमधून फोन आला. तिथले जांभळाचे झाड क्लब हाऊसच्या वाटेत होते आणि पालिकेने त्याचेही वय एकोणपन्नास लावले होते. मग आंबिवलीहून एका चाळ समितीचा फोन आला, मग खडवलीच्या एका फार्महाऊसवाल्याचा. त्र्यंबकराव सगळीकडे जाऊ लागले. ते व्याख्यान देत, हरकतवाल्याचा दृष्टान्त सांगत, औषधाचे माप ठरवत, सर्वांत उंच भाडेकरू शोधून देत आणि शाल-श्रीफळ घेऊन परत येत. लोक त्यांना वृक्षवय सल्लागार म्हणू लागले. दोन पावसाळ्यांत ठाण्यापासून खडवलीपर्यंतच्या सतरा झाडांनी पन्नाशीकडे जाणे थांबवले. त्यांपैकी सोळा एकोणपन्नासवर स्थिर होती. सतराव्या ठिकाणी औषध उत्साहाच्या भरात दुप्पट पडले आणि चिंच सत्तेचाळीसवर आली, असा दावा करण्यात आला. (टेप ताणला गेला असावा.)

घरात शाली इतक्या झाल्या की डोंबिवलीच्या उकाड्यात नुसत्या त्यांच्याकडे पाहून घाम फुटे. मंदाकिनीबाई त्या घड्या घालून ठेवत.

"पूर्वी तुम्ही घरात असून बोलायचा नाहीत," एके दिवशी त्या म्हणाल्या. "आता निदान कारण तरी आहे."

"मी हे कोणासाठी करतोय?" त्र्यंबकराव म्हणाले. "तुझ्या लिफ्टसाठीच ना?"

"माजिवड्याच्या क्लब हाऊसमधून माझी लिफ्ट येणारेय होय?"

यावर त्र्यंबकरावांनी नवी शाल कपाटात ठेवली. खरे तर ते सुखात होते. इतके सुखात ते वाटाण्याच्या काळातही नव्हते, आणि त्याची त्यांना थोडी लाजही वाटत होती.

दुष्परिणाम पहिल्याच थंडीत सुरू झाला. या आंब्याने आजवर कधी धड फळ धरले नव्हते. आला तर मूठभर मोहोर येई आणि तो धुक्यात गळे. या वेळी पान दिसेना इतका मोहोर आला. वाढायला मनाई झालेल्या झाडाने आपली सगळी हौस तिकडे काढली होती. उन्हाळ्यात कैऱ्यांचे घोस लटकू लागले, पार्किंगमध्ये गाड्यांच्या टपांवर धपाधप पडू लागले, आणि संस्थेत दोन तट पडले. फळांची वाटणी प्रत्येक फ्लॅटला सारखी करावी, असे वन बीएचकेवाल्यांचे म्हणणे. ती चटईक्षेत्राच्या प्रमाणात करावी, असे टू बीएचकेवाल्यांचे म्हणणे. बाल्कनी चटईक्षेत्रात धरावी का, यावर तीन सभा झाल्या. दिपेशला भाडेकरू असल्याने काहीच मिळाले नाही. छाती वापरल्याबद्दल त्याचे तोंडी आभार मानण्यात आले.

या धामधुमीत मंदाकिनीबाईंनी गजांतून हात घालून खिडकीशी आलेल्या कैऱ्या तोडल्या. खालच्यांनी ते पाहिले. सामायिक मालमत्ता विनापरवाना तोडल्याबद्दल त्यांना नोटीस काढण्यात आली, आणि नोटीस हातात देऊन पोच घ्यावी असा नियम असल्याने सलिल, शीलाताई आणि आणखी एक सभासद असे तिघे जिना चढून वर आले. चढताना शीलाताई दोनदा थांबल्या. खुर्चीच्या त्या प्रसंगानंतर संस्थेतले कोणी मंदाकिनीबाईंच्या घरी आलेच नव्हते. त्या इतक्या हरखल्या की नोटीस वाचायचे राहूनच गेले. त्यांनी तिघांना पंख्याखाली बसवले आणि त्याच कैऱ्यांचे पन्हे दिले.

"दर आठवड्याला एक नोटीस आणत जा हो," जाताना त्या म्हणाल्या. "बरं वाटतं."

सलिल ओशाळला. "काकू, लिफ्ट झाली ना, की तुम्हीच खाली येणार," तो म्हणाला. "मी तुमच्यासाठीच मागे लागलोय." आणि हे तो खरेच बोलत होता.

आणखी एक पावसाळा, आणखी एक मात्रा, आणखी एक मोहोर. दुसऱ्या वर्षीच्या लोणच्याच्या बरण्या भरून झाल्या आणि फाईल योग्य त्या टेबलावर पोचली. पालिकेच्या उद्यान विभागातून दक्षता नावाची अधिकारी पाहणीला येणार असे कळले. संस्थेने आवार झाडले. दिपेशने रजा घेतली. नवा कोरा टेप आणला. मंदाकिनीबाईंनी सकाळीच वेणी घातली, ठेवणीतली साडी नेसली आणि त्या खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या. आज झाडाचे आणि त्यांचे, दोघांचेही ठरणार होते. "पायांत काय घालू?" असेही त्यांनी विचारले. चपलेचे अंगठे वाळून तुटले होते.

दक्षता स्कूटरवरून आली. तिने हेल्मेट काढले नाही. बिल्ल्यावरचा नंबर मोबाईलमध्ये टाकला आणि म्हणाली, "एक्कावन्न. वारसा वृक्ष."

 दिपेश झाडाला पाठ लावून उभा होता तो तसाच उभा राहिला.

"मॅडम, मोजा तरी!" त्र्यंबकराव म्हणाले.

"मोजलेलं आहे ना सर. दोन वर्षांमागं मोजलेलं, तेव्हा एकोणपन्नास होतं. दर एक एप्रिलला सिस्टीम सगळ्या झाडांना एकेक वर्ष लावून टाकते. एवढी झाडं परत परत कोण मोजत बसणार?"

"पण त्याचा घेर वाढलेला नाही! एका सुतानंही नाही! आम्ही त्याचं संजीवकच बंद केलंय!"

"घेर नाय वाढला म्हणून वय वाढायचं राहतं काय?" दक्षता म्हणाली. "माझी आई लग्नातलं पोलकं आजून घालते. म्हणून काय ती नवरी राहिली?"

एकदा मोजले म्हणजे पुन्हा मोजतील, असा विज्ञानाचा विश्वास असतो. प्रशासनाचा तसा नसतो आणि त्याचे चालते. त्र्यंबकरावांच्या प्रबंधात या मुद्द्यावर प्रकरण नव्हते. दक्षताने मान वर करून झाडाकडे पाहिले, फांद्यांना राहिलेले चुकार आंबे पाहिले, आणि ती मनापासून खूश झाली. इतकं तब्येतीत राखलेलं झाड सगळ्या वॉर्डात नाही, तुमच्या सोसायटीचं नाव सत्काराला पाठवते, असे सांगून ती पुढच्या झाडाकडे गेली.

हर्षितने हात जोडल्याचे चित्र पाठवून माघार घेतली. सभासदांना धक्का बसला, पण तो संध्याकाळपर्यंतच टिकला. रात्री ग्रुपवर पहिला संदेश आला की झाड तोडायला आपला तर पहिल्यापासून विरोध होता. सकाळपर्यंत सगळ्यांचाच पहिल्यापासून विरोध होता असे निष्पन्न झाले. आठवड्याभरात बुंध्याशी फलक लागला : आम्ही जपलेला वारसा. सत्कार झाला. संस्थेच्या वतीने शाल त्र्यंबकरावांनी स्वीकारली. बाकी सोळा ठिकाणची झाडेही सिस्टीममध्ये यथाकाल पन्नाशी पार करून गेली होती आणि तिथेही फलक लागत होते, त्यामुळे दिलेल्या शाली कोणी परत मागितल्या नाहीत.

पाहणीच्या त्या दिवशी दक्षता गेल्यावर त्र्यंबकराव जिना चढायला निघाले आणि प्रत्येक मजल्यावर थांबले. दमले नव्हते. वर जाऊन काय सांगायचे ते त्यांना सुचत नव्हते. दोन वर्षे त्यांनी सतरा झाडांना थांबवण्यात घालवली होती, आणि त्या सगळ्या काळात थांबून राहिलेले माणूस फक्त त्यांच्या घरात होते.

"लिफ्ट नाही होणार," ते दारातूनच म्हणाले.

मंदाकिनीबाईंना रडू आले. त्या काही वेळ खळखळून रडल्या, मग पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "झाड राहिलं, ते बरं झालं. पण मला खाली जायचंय हो. मला अजून खाली जायचंय."

त्र्यंबकराव त्यांच्याजवळ बसले. जवळ पडलेले जुन्या शालीचे पुडके त्यांनी खुर्चीखाली सरकवले. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना जिबरेलिनबद्दल काहीही बोलावेसे वाटले नाही.

"मला एक सांगा," थोड्या वेळाने मंदाकिनीबाई म्हणाल्या. "सलिलचं घर आपल्याएवढंच आहे ना? तो तळमजल्यावर राहतो. आणि रोज संध्याकाळी पैसे भरून जिमला जातो. शीला सांगत होती, तिथे त्याला जिना चढायचं यंत्र आहे. त्यावर तो चढतच राहतो म्हणे, आणि कुठेच पोचत नाही. मग त्याने इथे राहावं, आपण तिथे राहू. घराचे कागद ज्याचे त्याच्याकडे. त्याला जिना फुकट मिळेल."

त्र्यंबकराव उठले आणि तसेच सलिलकडे खाली गेले. 

खास सभा भरली, सलिलच्याच घरी. मंदाकिनीबाईंना फोनवरून सहभागी करून घेण्यात आले. त्यांनी आपली सूचना स्वच्छ शब्दांत मांडली. सभा हेलावली. शीलाताईंनी डोळे टिपले. इतके साधे कोणाच्याच कसे लक्षात आले नाही, असे चार जण एकदम म्हणाले.

"काकू, आयडिया एक नंबर आहे," सलिल अगदी मनापासून म्हणाला. "मी तर एका पायावर तयार आहे. पण कसंय ना, एकदा केलं की पायंडा पडतो. उद्या तिसऱ्या मजल्यावरचे पण येतील. आणि आता वारसा वृक्ष आमच्या हॉलच्या अगदी समोर येतो, गार्डन व्ह्यू आहे. एवढ्यातच पीओपी पण केलंय."

सूचनेचे उभे राहून स्वागत करण्यात आले. ती तत्त्वतः मान्य झाली आणि अभ्यासासाठी उपसमितीकडे गेली. उपसमिती अजून अभ्यास करत आहे. त्र्यंबकरावांनी तिचे अध्यक्षपद नाकारले. ते हल्ली कुठेही जात नाहीत. भाजीवालीपुढे उभे राहून ते प्रत्येक भेंडीचे टोक मोडून पाहतात आणि तिच्या शिव्या खातात.

सलिलचे हे वागणे वाचून ज्या वाचकांना चीड आली असेल त्यांची चीड रास्त आहे आणि तिची नोंद घेण्यात आली आहे. त्यांपैकी ज्यांचे घर तळमजल्यावर आहे आणि गुडघे शाबूत आहेत, त्यांनी कृपया आपला पत्ता कळवावा. डोंबिवलीच हवी असे नाही. ठाणे, कल्याण, आंबिवली, कुठेही चालेल. मंदाकिनीबाईंचे सामान फार नाही.